माहेरचं रक्त

धामणगाव बढे
२२ ऑगस्ट १९६६

दादास मनकर्णाचा नमस्कार.

शालिक परवा घरी आला. आला म्हणण्यापेक्षा आणला म्हणावं लागते. बुलढाण्याच्या स्टँडवर कंडक्टरनं त्याले एका एस.टी.तून उचलून दुसऱ्या एस.टी.त ठेवलं, अन् गावाच्या फाट्यापासून शालिकच्या बाबांनी पाठीवर घेतलं. उजवा गुडघा पपईसारखा झाला हाय. वरून जखम नाही, खरचटलंय तेवढंच, पण आत रक्त साचलं हाय. हात लावू देत नाही. म्या विचारलं काय झालं, तर भिंतीकडं पाहून म्हणते, खेळता खेळता पडलो.

माह्या पोराले खोटं बोलता येत नाही. त्याले कोणीतरी शिकवून पाठवलं हाय.

जून महिन्यात मी त्याले तुह्या घरी आठवीसाठी सोडून गेली, तेव्हा अन्नपूर्णावहिनीसमोर तुले एकच गोष्ट सांगतली होती. तू त्याच शाळेत मास्तर, हेडमास्तरले भेट, सगळ्या मास्तरायले सांग, का ह्या पोराचं रक्त लवकर थांबत नाही, मुका मार लागला तरी आतल्या आत वाहते. छडी नको, कवायत नको. दुसऱ्या कोणाले हे समजावून सांगावं लागलं असतं. तुले नाही. आपले दोन्ही मोठे भाऊ ह्याच दुखण्यानं गेले. त्याच्यानंतर तू झाला, अन् तू तरी जगावा म्हणून आईनं तुले उकिरड्यावर ठेवून उचललं अन् उकंडा नाव ठेवलं. तुहं नावच ह्या दुखण्यानं ठेवलेलं हाय.

तू शाळेत सांगतलं का नाही, एवढंच लिहून पाठव. सासूबाई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याले सांगून राह्यल्या, हे माहेरचं रक्त हाय, आमच्या घरात असं कोणाले नव्हतं. धाकट्या जानरावच्या कपाळाले कालच टेंगूळ आलं, ते बी निळं पडत चाललं हाय. मी कोणाकोणाकडं पाहू.

तुही बहीण
मनकर्णा


चिखली
२९ ऑगस्ट १९६६

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शालिकच्या गुडघ्याचे वाचून वाईट वाटले. मैदानावर तो पडला हे खरे आहे. या वयात मुले पडतात, उठतात. शाळेत जे सांगायला हवे ते योग्य वेळी सांगितले जाईल, त्याची तू काळजी करू नकोस. गुडघ्याला गार पाण्याच्या पट्ट्या ठेव आणि पंधरा दिवस चालू देऊ नकोस. बीजगणिताचा भाग मी नंतर भरून काढीन.

एक गोष्ट मोठा भाऊ म्हणून सांगतो. मुलांना फार जपले की ती मनाने दुबळी होतात. चार मुलांत मिसळू दे त्याला. सतत हा आजारी, हा आजारी असे त्याच्या कानावर पडले तर पुढे तो काय करणार?

पुष्पा त्याची रोज चौकशी करते. हल्ली ती माझ्याशी नीट बोलत नाही, ताट वाढून आत निघून जाते. दहावीचे वर्ष आहे, अभ्यासाचा ताण असावा.

रंगरावांना नमस्कार.

तुझा
दादा


धामणगाव बढे
११ सप्टेंबर १९६६

दादा,

शालिकनं मले नाही, जानरावले सांगतलं. रात्री दोघं एका गोधडीत बोलत होते, मी बाजूलेच होती.

कवायतीत तो मागं राह्यला. त्याच्या घोट्यात आधीच दुखत होतं. ड्रिल मास्तर म्हणे, नाटक करते काय बे, अन् त्याले गुडघ्यावर मैदानाले चक्कर मारायले लावली. मुरमाच्या मैदानावर. शालिकनं व्हरांड्याकडं पाह्यलं. तिथं तू उभा होता. त्याले वाटलं आता मामा येईल. तू वर्गात निघून गेला. संध्याकाळी घरी तू त्याले म्हटलं, आईले सांगजो का खेळताना पडलो, उगी तिच्या जिवाले घोर नको.

माह्या जिवाची एवढी काळजी होती तुले.

शालिकचे बाबा सोमवारच्या बाजाराच्या निमित्तानं चिखलीले येऊन गेले, तुह्या घरी आले नाहीत. ते हेडमास्तरले भेटले. हेडमास्तर म्हणाले, आम्हाले कोणीच काही सांगतलं नाही. तुमचे मेव्हणे रोज माह्या खोलीत चहा घेतात, त्यायनं एक शब्द काढला असता तर म्या ह्या पोराले मैदानावर उतरू दिलं असतं काय? शालिकचे बाबा कधी आवाज चढवत नाहीत हे तुले माहीत हाय. ते घरी आले अन् बैल सोडून गोठ्यातच बसून राह्यले.

काऊन सांगतलं नाही, दादा? जिभेले काय झालं होतं?

मनकर्णा


चिखली
१८ सप्टेंबर १९६६

चि. सौ. मनकर्णेस,

सांगितले नाही, हे खरे आहे. आणि का सांगितले नाही तेही ऐक, कारण तुझ्या पत्राची भाषा मी निमूट ऐकून घ्यावी अशी नाही.

पुष्पा आज दहावीत आहे. दोनतीन वर्षांत तिच्यासाठी स्थळे पाहावी लागतील. आपल्यात मेहकरपासून मलकापूरपर्यंत सगळी घरे एकमेकांना ओळखतात. उकंडराव मास्तरांच्या घराण्यात रक्ताचा दोष आहे, एवढे एक वाक्य शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडले की माझ्या मुलीला कोण विचारणार? तू दोन मुलांची आई आहेस. मी एका मुलीचा बाप आहे.

आपल्या वडिलांनी काय केले ते तुला ठाऊक आहे. दोन्ही भाऊ तापाने गेले असेच त्यांनी जन्मभर सांगितले. म्हणूनच तुझे लग्न रंगरावांसारख्या घरात झाले. ते तोंड उघडून बसले असते तर तू आज कुठे असतीस याचा विचार कर आणि मग माझ्या जिभेला काय झाले ते विचार.

ड्रिल मास्तर इतके ताणतील याची मला कल्पना नव्हती. मी आत गेलो तो मुख्याध्यापकांना बोलवायलाच. ते जागेवर नव्हते.

शालिकला बरे वाटले की पाठव. मी त्याला कवायतीतून सूट मिळवून देईन, संधिवाताचे कारण सांगून.

तुझा
दादा


धामणगाव बढे
४ डिसेंबर १९६६

दादा,

आम्ही नागपूरहून काल आलो. गुडघा परत रक्तानं भरला म्हणून शालिकले घेऊन गेलो होतो. मलकापूरले गाडीत बसवलं तेव्हा शालिक शुद्धीत नसल्यासारखाच होता. मोठ्या दवाखान्यात त्याले ताजं रक्त चढवलं. माणूस वाचला. गुडघा वाचला नाही. आता तो पाय पुरता सरळ होणार नाही.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यायनं मले बसवून कागदावर रेघा काढून समजावलं. दुखण्याले नाव हाय, हिमोफिलिया. हे बाईकडून तिच्या पोराले येते. बाईले स्वतःले काही होत नाही. आपल्या आईकडून दोन भावायले गेलं, माह्यात आलं, माह्याकडून शालिकले अन् जानरावले. म्या विचारलं, अन् ज्या भावाले हे दुखणं नाही, त्याच्या लेकीले? बाई म्हणाल्या, काहीच नाही. तो बरा असला तर त्याच्यापासून पुढं जातच नाही. म्या परत विचारलं. त्यायनं परत तेच सांगतलं.

वाच, दादा. तुह्या पुष्पीच्या अंगात ह्यातला थेंब नाही. कधी नव्हता. ज्याले भिऊन तू माह्या पोराले मुरमावर सोडलं, ते तुह्या घरात नव्हतंच. ते माह्या घरात होतं, अन् मी त्याचं नाव माहीत नसतानी बी सगळ्यायले ओरडून सांगत होती.

बाबांनी झाकलं म्हणून माहं लग्न झालं, हे तू उपकारासारखं लिहिलं. आईनं मले खरं सांगतलं ते फार उशिरा. लग्नाआधी कोणी सांगतलं असतं तर मी सासरी सांगून आली असती. कोणी केली असती तर केली असती, नसती केली तर भावजयीच्या हाताखाली भाकरी थापून राह्यली असती. पण शालिकचा पहिला दात पडला अन् तोंड रक्तानं भरलं, तेव्हा तरी मले समजलं असतं का काय करावं. त्या दिवशी सासूबाईंनी हळद दाबली अन् मी देवासमोर डोकं आपटत बसली. तुमच्या झाकण्यानं मले ते दिलं.

शालिकचं नाव तुह्या शाळेतून काढून राह्यली. मलकापूरले खोली करून दोन्ही पोरायले घेऊन राहीन. शालिकचे बाबा वांगी अन् मिरची घेऊन तिथं बाजाराले येतातच, आठवड्याले भेट होईल. मी प्रत्येक मास्तरच्या पुढ्यात उभी राहून दुखण्याचं नाव सांगीन.

पत्र लिहू नको.

मनकर्णा


मलकापूर
५ फेब्रुवारी १९७२

दादा,

पाच वर्षांत तुही दोन पत्रं आली, ती म्या वाचली, उत्तर दिलं नाही. आज लिहून राह्यली ते काम हाय म्हणून.

दरसाल जूनमध्ये मी शाळेत जाते. काही मास्तर ऐकून घेतात. एक जण म्हणाले, बाई, पोरगं काचेचं असंल तर कपाटात ठेवा. म्या म्हटलं, माह्या घरी कपाट नाही, म्हणून शाळेत पाठवून राह्यली. जानरावले एका मास्तरनं मागच्या बाकावर एकट्याले बसवलं, का कोणाचा धक्का लागला तर आमच्या अंगावर येईल. म्या रोज मधल्या सुट्टीत जाऊन त्याच्यापाशी बसली. आठ दिवसांनी त्याले पुढं घेतलं.

शालिक मॅट्रिकले पहिल्या वर्गात पास झाला हे तुले समजलंच असंल. सध्या अकोल्याले बी.एस्सी.ले हाय. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या कमरेच्या सांध्यात रक्त साचलं. दोन महिने उठला नाही. आता उठून बसते, पण कॉलेजात हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेच्या अर्जावर प्राचार्य सही करत नाहीत.

मी जाऊन आली. दुपारपर्यंत बाहेर बसवलं. मंग म्हणाले, घरच्यांच्या म्हणण्यावर नियम बदलत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणाले, ह्या नावाचं दुखणं म्या ऐकलं नाही, सर्टिफिकेटं काय कोणी बी आणते.

हे प्राचार्य अमरावतीले तुह्यासंगं एका खोलीत राहून शिकले. तू त्यायच्याकडं जा. सांग का हे माह्या घरातलं दुखणं हाय, माहे दोन सख्खे भाऊ ह्यानं गेले, हा माहा भाचा हाय. मास्तरचं मास्तर ऐकते. अर्जाची मुदत ह्या महिन्याच्या शेवटापर्यंत हाय.

हे उपकार म्हणून मागत नाही. त्या गुडघ्याचं देणं हाय तुह्यावर.

मनकर्णा


चिखली
१० मार्च १९७२

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. कारण लिहितो, ते शांतपणे वाच.

पुष्पाचे लग्न दुसरबीडला ठरते आहे. मुलगा कृषी खात्यात आहे, घर चांगले आहे. पुष्पा आता स्वतः शिक्षिका आहे, तिच्या पसंतीचे स्थळ मिळायला इतकी वर्षे गेली. अकोल्याचे प्राचार्य हे मुलाचे सख्खे मामा आहेत. हे मला बोलणी सुरू झाल्यावर कळले. अशा वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन आमच्या घरात दोन भाऊ रक्त वाहून गेले असे सांगावे, ही तुझी अपेक्षा होती. मी त्यांना पत्र लिहिले. भाचा दीर्घ आजारी होता, सहानुभूतीने विचार व्हावा, असे लिहिले. त्यांचे नियमावर बोट ठेवणारे उत्तर आले.

पुष्पाच्या अंगात काही नाही हे तू नागपूरहून लिहिले होतेस. माझा त्यावर विश्वास आहे. पण कागदावरच्या रेघा दुसरबीडच्या लोकांना मी कशा समजावू? ते एवढेच ऐकतील की घराण्यात आहे.

लग्न वैशाखात करण्याचा विचार आहे. तू आलेच पाहिजेस, आत्याचा मान तुझा. शालिकच्या पायाबद्दल कोणी विचारले तर लहानपणी बैलगाडीवरून पडला असे सांगावे. जानरावच्या अंगावर तेव्हा डाग असतील तर त्याला रंगरावांपाशी ठेवून ये. एवढे माझ्यासाठी कर.

तुझा
दादा


मलकापूर
१६ मार्च १९७२

दादा,

मुदत गेली. शालिकचं वर्ष गेलं. तो खाटेवर बसून जानरावले गणितं समजावून देऊन राह्यला.

तो बैलगाडीवरून पडला नाही. त्याले मैदानावर गुडघ्यावर चालवलं अन् त्याचा मामा व्हरांड्यात होता. माह्या तोंडातून दुसरं काही निघणार नाही, म्हणून मी येत नाही. आत्याचा मान दुसऱ्या कोणाले दे.

माह्या पोरायले मांडवातून लपवायचं असंल तर आम्ही तुहे कोणी नाही, असंच सांग. ते खोटं बी बैलगाडीपेक्षा बरं राहील.

मनकर्णा


चिखली
९ एप्रिल १९७२

ती. आत्यास पुष्पाचा नमस्कार.

तुला माझे हे पहिलेच पत्र. बाबांकडून काही उलटसुलट कळण्याआधी मीच लिहिते.

रामनवमीच्या आधी दुसरबीडची मंडळी याद्या करायला आली होती. मुलाचे वडील शंकरराव, त्यांच्या घरच्या बनाबाई आणि दोघेतिघे. पाहुण्यांची नावे निघाली तेव्हा बनाबाईंनी विचारले, सख्खी आत्या मलकापूरला आहे म्हणतात, तिचे नाव कसे नाही? बाबा म्हणाले, तिचा मोठा मुलगा बैलगाडीवरून पडून पायाने अधू झाला, तिला घर सोडता येत नाही. मी चहा घेऊन आले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हटले, “तो पडला नाही. त्याला आजार आहे, हिमोफिलिया. धाकट्यालाही आहे. माझे दोन काका त्यानेच गेले.”

मग शंकररावांनी विचारले, “मग तुझ्यात आहे का?”

मी म्हटले, “नाही. डॉक्टरांनी आत्याला सांगितले आहे, माझ्यात येत नाही. पण शालिक माझा भाऊ आहे. त्याला मांडवात यायची चोरी असेल तर मलाही त्या मांडवात उभे राहायचे नाही.”

त्यांनी चहा घेतला. बनाबाईंनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळली होती.

बाबांना वाटते तू मला हे शिकवलेस. ते आईला म्हणाले, मनकर्णेने सूड घेतला. मी त्यांना खरे सांगितले, तेच तुलाही सांगते. त्या दिवशी मी दहावीच्या वर्गात खिडकीजवळ होते. मैदान समोरच होते. मी सगळे पाहिले. बाबा कुठे उभे होते तेही. तेव्हापासून बाबांशी साधे बोलायचे म्हटले तरी माझा आवाज चढतो, म्हणून मी बोलतच नाही. ते समजत राहिले की माझा अभ्यास जास्त आहे.

मोडल्याचे मला वाईट वाटत नाही असे नाही. मुलगा चांगला होता. त्याने घरच्यांसमोर एक शब्द काढला असता तर मी वाट पाहिली असती. त्याने काढला नाही. गप्प बसणारा माणूस घरात कसा असतो ते मी पाहिले आहे.

शालिकला सांग, मला बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायची आहे, त्याने मला इंग्रजी शिकवायचे.

तुझी
पुष्पा


चिखली
२८ मे १९७२

सौ. मनकर्णेस,

तुला आशीर्वाद लिहायचा अधिकार मला राहिला आहे की नाही, ठाऊक नाही.

पुष्पाने तुला कळवलेच आहे. मी महिनाभर तुझ्यावर, तिच्यावर, दुसरबीडच्या लोकांवर चिडलेला होतो. शाळेत सगळ्यांना कळले आहे. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणे थांबायचे. ज्याला इतकी वर्षे भ्यालो ते होऊन गेले, आणि सुट्टी लागेपर्यंत मी तासांना जात होतो, फळ्यावर प्रमेय लिहीत होतो, मुले उतरवून घेत होती.

मागच्या आठवड्यात मी अकोल्याला गेलो. प्राचार्यांना सगळे सांगितले, भावांची नावे घेऊन सांगितले. ते गेले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, आईने मला पुढे जे सांगितले तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “उकंडराव, हे तुम्ही पत्रात का लिहिले नाही? तुमच्या बहिणीचे मला खरे वाटले नाही, ती माझी चूक. पण तुम्ही लिहिले असते तर मी विद्यापीठाकडे शिफारस केली असती. फेब्रुवारीत हे होण्यासारखे होते.”

मनकर्णा, मला वाटत होते नियम आडवा आला. नियम आडवा आला नव्हता.

ऑक्टोबरच्या परीक्षेला ते शालिकला बसवतील. लेखी घेऊन आलो आहे. त्याला तळमजल्यावर बसायला जागा देतील आणि मध्ये उठून पाय हलवू देतील.

तू अजून रागावलेली आहेस का, असे विचारणे मूर्खपणाचे आहे. तरी विचारतो. शालिकला भेटायला आलो तर चालेल का?

उकंडराव


मलकापूर
४ जून १९७२

दादा,

हाव, राग हाय. मी मरेपर्यंत राहील असं वाटते. शालिक खाटेवरून उठतानी पाय ओढते, तेव्हा दररोज नवा होते. पुष्पीसाठी वाईट वाटते, अन् तिच्यासाठी बी तुह्यावरच राग येते.

तुहं पत्र म्या शालिकले वाचायले दिलं. म्या म्हटलं, तुले येऊ द्यायचं नसंल तर नाही म्हण, मी लिहून टाकते. तो म्हणे, येऊ दे. म्या विचारलं, तुले राग नाही काय? तो म्हणे, हाय. पण मले ऑक्टोबरात गणिताचा पेपर हाय, अन् मामासारखं गणित कोणी शिकवत नाही. जानराव हसला. मले नाही हसू आलं.

तर ये. येत्या रविवारच्या एस.टी.नं ये, पुस्तकं घेऊन ये, अन् शाळेतून रजा काढून ये, एका दिवसाचं हे काम नाही. मी तुह्याशी बोलीन का नाही ते आता सांगता येत नाही. जेवायले वाढीन.

सोमवारी जानरावची शाळा उघडते. ह्या साली सगळे मास्तर नवे हायत म्हणतात. एवढी वर्षं मी जात होती, दारात उभी राहून तेच तेच सांगत होती, अन् कोणी खुर्ची देत नव्हतं. ह्या साली मी नाही जाणार. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून तू जाशील. एकेका मास्तरले गाठून सांगशील, का मी ह्याचा मामा हाय, अन् हे आमच्या घरातलं दुखणं हाय. मी घरी स्वयंपाक करीन.

मनकर्णा